तीन ओझी, एकच कंबर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलाय, मी सकाळी चहा घेताना पाहिला. "ताई, जिम सुटलीये, बेडरूमच्या स्लॅबमधून पाणी गळतंय, ब्रँचमध्ये ऑडिट चालूये, माझं एकही काम धड होत नाहीये." तू तीन तक्रारी लिहिल्यास, मला मात्र वाचताना ती एकच वाटली. म्हणून व्हॉइस नोट न पाठवता हे सगळं नीट लिहून पाठवतेय, सावकाश वाच.

आधी माझं सांगते. मी 43 व्या वर्षी जिममध्ये पहिल्यांदा बार, म्हणजे वजन लावायचा लोखंडी दांडा, हातात घेतला, नुसता बार, 20 किलोचा, प्लेट न लावता. दोन वर्षांत डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं, ती 70 किलोपर्यंत आली आणि मला वाटायला लागलं की आता आपल्याला काही होत नाही. मग मार्च एंडिंग आलं. त्या आठवड्यात रोज रात्री अकराला घरी, जेवण कसंतरी, त्यात पाडवा तोंडावर म्हणून माळा काढून झाला, गाद्या गच्चीवर नेऊन उन्हात टाकून झाल्या, पडदे धुवून झाले, आणि एवढं करूनही सकाळी सहाला जिमला गेले कारण खाडा करायचा नाही असं ठरवलेलं. गंमत बघ, डेडलिफ्ट व्यवस्थित झाली. पाचही रेप्स, म्हणजे पाचही वेळा उचललं. घरी आले, गॅस संपलेला, ओट्याखाली कोपऱ्यात ढकललेला भरलेला सिलिंडर एका हाताने वाकडं होऊन ओढला, आणि कमरेत उसण भरली. तिथेच फरशीवर बसले. गॅस 14.2 किलो आणि लोखंड साधारण तेवढंच, म्हणजे तीसच्या आसपास, मी उचलत होते त्याच्या निम्मंही नाही. पुढचे बारा दिवस मोजे घालायला सुद्धा मुलीला हाक मारावी लागत होती.

तेव्हा मी सिलिंडरला दोष दिला, मग जिमला दिला. खरं कारण कळायला वेळ लागला. ऑफिसचा ताण एका खात्यातून जातो, घरकाम दुसऱ्या आणि व्यायाम तिसऱ्या असं आपण धरून चालतो, पण शरीराकडे खातं एकच आहे आणि तिन्ही चेक त्याच्यावरच येतात. हान्स सेल्ये नावाचे संशोधक होते मॉन्ट्रियलमध्ये, त्यांनी 1936 साली उंदरांवरच्या प्रयोगांबद्दल लिहिलं होतं. कुणाला थंडीत ठेवलं, कुणाला इजा झाली, कुणाला प्रमाणाबाहेर पळवलं, त्रास वेगवेगळे पण शरीरात दिसलेले बदल बरेचसे सारखेच. त्यानंतर या विषयात खूप भर पडली, सगळे ताण अगदी एकसारखे नसतात हेही कळलं, पण मूळ मुद्दा मला माझ्या कमरेने पटवून दिलाय.

माझे मामा तरुणपणी कोल्हापूरला तालमीत राहायचे. पहाटे उठून जोर बैठका, मग हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, लाल माती फावड्याने खणायची, त्यात ताक, तेल, हळद मिसळायची. माती खणणं हाही व्यायामच धरलेला होता, वेगळं काम म्हणून नाही. पण मामा एक गोष्ट नेहमी सांगायचे की दुपारी थंडाई पिऊन दोन तास झोप म्हणजे झोप, वस्तादांचा हुकूम. पैलवानाला व्यायाम, खुराक आणि झोप एवढीच नोकरी होती. तू रीलवर बघून जो आठवड्याला सहा दिवसांचा प्रोग्रॅम घेतलास ना, तो अशाच कुणाचा तरी आहे ज्याचं तेच काम आहे. तुझ्या मागे डोंबिवलीहून उभ्याने लोकलचा तास आहे, आईचे गुडघे आहेत, ऑडिट आहे. तो प्रोग्रॅम तुला झेपला नाही यात तुझा काही कमीपणा नाही, तो तुझ्यासाठी नव्हताच.

तर आता काय करायचं. आठवड्याला दोन दिवस, बास. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसांसाठी स्नायूंच्या व्यायामाचे किमान दोनच दिवस सांगितलेत, चालणं वगैरे त्याशिवाय, आणि तुझं स्टेशनपर्यंतचं चालणं त्यात धर. एक दिवस स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बसणं-उठणं), बेंच (बाकावर झोपून बार वर ढकलणं), रो (वाकून बार पोटाकडे ओढणं). दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणं), लॅट पुलडाऊन (मशीनची दांडी वरून छातीकडे ओढणं). प्रत्येकाचे पाच रेप्सचे तीन सेट, म्हणजे पाच वेळा करायचं, थांबायचं, असं तीनदा, वॉर्मअप धरून पाऊण तास. वजन वाढवायचं ते दोन्ही बाजूंना सव्वा सव्वा किलोची प्लेट लावून, आणि तेही आधीचं नीट उचललं गेलं असेल तरच. वार ठरवून टाक, मंगळवार आणि शनिवार म्हण, कारण "वेळ मिळेल तसं" म्हटलं की वेळ मिळत नाही हे तुलाही माहितीये.

आणि ऑडिटसारखा आठवडा आला की जिम बंद करायची नाही, जिम लहान करायची. हे मला कुणीतरी दहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. वॉर्मअप करायचा, नेहमीचंच वजन लावायचं, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट मारायचा आणि पंचवीस मिनिटांत बाहेर. वजन तेवढंच ठेवलं तर सेट बरेच कमी करूनही ताकद कित्येक आठवडे टिकून राहते, हे संशोधनात दिसलंय आणि माझ्या व्यायामाच्या वहीतही दिसतंय. तू उलटं केलंस, चार आठवडे काही नाही आणि मग एका रविवारी मागचं सगळं भरून काढायला गेलीस, म्हणून तीन दिवस जिना उतरताना रडलीस. फक्त एक अट माझी, रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर त्या दिवशी जड डेडलिफ्ट नाही. दहा टक्के वजन उतरव किंवा दुसऱ्या दिवशी कर. आणि कधी कंबर धरली आणि दुखणं पायात उतरलं किंवा पायाला बधीरपणा आला तर तेल चोळत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा.

घरची जड कामं पण याच हिशोबात धरायची. माळा, गाद्या, कपाट सरकवणं, बाथरूमच्या टाईल्स घासणं, हे केलं त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी स्क्वॉट नको. मी एक दोनशे पानी वही ठेवलीये, पुढून जिम, मागून घर. पुढे "स्क्वॉट 45, तीन सेट, शेवटचा जड गेला" असं, आणि मागे "किचनचा नळ ठिबकतो, वायसर बदलला", "टाकीचा बॉलकॉक बघायचा", "फिल्टरची कॅन्डल बदलली" असं तारखेसकट. वायसर, म्हणजे नळातली रबराची चकती, दहा वीस रुपयात येतो आणि पंधरा मिनिटांत बसतो, फक्त आधी मेन कॉक बंद कर. न बदलता दोन महिने ठेवला की आतली सीट, म्हणजे वायसर टेकतो ती कडा, झिजते, मग नळच बदलावा लागतो आणि प्लंबरसाठी रजा जाते. दर रविवारी चाळीस मिनिटं घरासाठी, त्यात वहीतलं एकच काम. चाळीस मिनिटं झाली की हात धुवून टाकायचे, उरलेलं पुढच्या रविवारी.

आता तुझी गळती. वॉटरप्रूफिंग कोरड्या स्लॅबवर करायचं काम आहे, ते एप्रिल मे मध्ये होतं, आत्ता भर जुलैत जो कंत्राटदार "दोन दिवसांत करून देतो" म्हणतोय त्याला पैसे देऊ नकोस. आत्ता गच्चीवर जाऊन पाण्याच्या जाळीत अडकलेला पाला काढायचा, पाणी साचतं तिथे ताडपत्री टाकून कडेला विटा ठेवायच्या, आणि ओल जिथे वायरिंगजवळ आलीये तिथला स्विच वापरायचा नाही, इलेक्ट्रिशियनला दाखवायचा. मुख्य म्हणजे तू सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतेस आणि गच्ची सोसायटीची आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्चीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने तिच्या खर्चाने करायची असते. सेक्रेटरींना तोंडी सांगू नकोस, फोटो लावून पत्र दे आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घे. बँकेत दिवसभर लोकांकडून सह्या घेतेस, ही एक स्वतःसाठी घे.

अजून एक, आणि हे जरा कडक वाटेल. तुझ्या मेसेजमध्ये भावाचं नाव कुठेच नव्हतं. तो त्याच घरात राहतो ना? गच्चीवर ताडपत्री टाकायला, सिलिंडर ओढायला, आईला फिजिओकडे न्यायला तू एकटी का? मी ही चूक वीस वर्षं केली, सगळं आपल्यालाच जमतं म्हणून सगळं आपणच करायचं, आणि घरातल्या कुणी ते मागितलंही नव्हतं, मी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्याला "मदत कर" असं म्हणू नकोस, काम वाटून दे. फिजिओ त्याचं, पाण्याची टाकी त्याची, आणि ती कशी होतात हे बघायला मागे उभी राहू नकोस.

खाण्याचं फार लांबवत नाही. तुझं वजन 58, तर दिवसाला नव्वदेक ग्रॅम प्रोटीन पुरे. दोन अंडी म्हणजे बाराच्या आसपास, शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास, पन्नास ग्रॅम सोया चंक्स कोरडे मोजून पंचवीसच्या वर, शिवाय मटकीची उसळ, दही, वरण आहेच. ऑडिटच्या दिवशी बिस्किटं आणि चहावर निघतेस, त्याऐवजी डब्यात मुगाची दोन धिरडी जास्त टाक. आणि पावणेदोनला मेसेज करू नकोस, मला चालतं, पण तू तेव्हा झोपलेली हवीस.

शनिवारी सकाळी मी साडेसातला जिमला आहे, तिथेच ये. बार रिकामाच ठेवू, स्क्वॉटमध्ये खाली जाताना तुझी उजवी टाच उचलली जाते ती मला बघायचीये. येताना एक वही आण, साधी, आणि सोसायटीच्या पत्राचा कच्चा मजकूर पण आण, व्यायाम झाला की बाहेर बाकावर बसून दुरुस्त करू.

तुझी,
ताई