बी-वनवर जर्मनीला यायचं का? मिरजेच्या एका सिस्टरला उत्तर

तू लिहिलंस त्याचा सारांश असा: मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), सहा वर्षं आयसीयूचा अनुभव, जर्मन भाषेची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा पास. एजंट म्हणतो, साडेतीन लाख भरा, पुढची भाषा आणि रजिस्ट्रेशन तिकडे गेल्यावर आपोआप होतं. नवरा आणि चार वर्षांची मुलगी मागाहून येतील. "ताई, येऊ का?"

ये. पण बी-टू, म्हणजे त्याच्या वरच्या पातळीची परीक्षा, हातात घेऊन ये, आणि त्या एजंटला एक रुपयाही देऊ नकोस. का ते सांगते.

जर्मनीत पाऊल ठेवलंस म्हणजे तू नर्स झालीस असं होत नाही. आपली पदवी किंवा डिप्लोमा इथल्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाच्या तोडीचा आहे, असं इथल्या राज्य सरकारच्या कार्यालयाने मान्य करावं लागतं. या मान्यतेला आनेरकेनुंग म्हणतात. ती मिळाली, बी-टूचं सर्टिफिकेट जोडलं, की उर्कुंडे म्हणजे परवान्याचा कागद मिळतो. तोवर तू 'प्लेगेहेल्फर', मदतनीस. पगार मदतनिसाचा, आणि औषधांची जबाबदारीही तुझ्याकडे देत नाहीत. वृद्धांच्या देखभालीत जुलै २०२५ मध्ये किमान वेतन बिनशिक्षित मदतनिसाला तासाला १६.१० युरो आणि पात्र नर्सला २०.५० युरो झालं. यावरून अंदाज घे की प्रत्येक उशिराच्या महिन्याची किंमत किती.

एजंट म्हणतो ते निव्वळ खोटं नाही, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. बी-वनवर व्हिसा मिळू शकतो, इथे येऊन बी-टूचा क्लासही लावता येतो. पण पाळी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. संध्याकाळचा क्लास दुपारच्या पाळीत बुडतो, सकाळचा क्लास रात्रपाळीनंतर डोळे मिटत करायचा. शिवाय मान्यतेसाठी मिळणारा निवासपरवाना आधी जास्तीत जास्त २४ महिन्यांचा असतो आणि वाढवून फार तर तीन वर्षांचा होतो. घड्याळ चालूच असतं. सांगली-मिरजेत घरचं जेवण जेवून, मुलीला कुशीत घेऊन सहा-आठ महिने जास्त अभ्यास करणं कितीतरी सोपं. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात परीक्षा देता येते, ऑनलाइन वर्गही पुष्कळ आहेत. गोएथे किंवा टेल्क या परीक्षा घेणाऱ्या संस्था, दोन्हींची प्रमाणपत्रं साधारणपणे चालतात, तरी तू येणार त्या जर्मन राज्याच्या कार्यालयाची यादी बघून घे.

आणि बी-टू हा नुसता कागद नाही. रात्री दोन वाजता डॉक्टरला फोन करायचा आहे असं समज. पेशंटचं नाव, तक्रार कधी सुरू झाली, नाडी, ब्लड प्रेशर, लघवी किती झाली, साखर किती, हे सगळं तू दोन मिनिटांत सांगायचं, आणि तो झोपेतून उठून भरभर बोलेल ते बरोबर लिहून घ्यायचं. साखर २४७ की २७४, इथेच घोळ होतो. एक युक्ती सांगते: आकडे इंग्रजीत मनात आणूच नकोस. जर्मनमध्येही आपल्यासारखं एकक आधी, दशक नंतर येतं, 'सत्तेचाळीस'सारखं. मराठीत विचार केलास की आकडा उलटा होत नाही.

आता कागद. अर्ज तू ज्या राज्यात काम करणार तिथे जातो. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये श्टुटगार्टचं रेगीरुंग्सप्रेझिडियम, बायर्नमध्ये लांडेसआम्ट फ्युअर प्लेगे, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये म्युन्स्टरचं बेत्सिर्कस्रेगीरुंग. प्रत्येकाची यादी थोडी वेगळी, म्हणून राज्य ठरेपर्यंत भाषांतरावर पैसे घालू नकोस. डिप्लोमा, तिन्ही वर्षांच्या मार्कलिस्ट, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, अनुभवपत्रं तर लागतातच. खरा अडतो तो कागद म्हणजे विषयवार तासांचा ट्रान्सक्रिप्ट: कोणत्या विषयाचे किती तास थिअरी, कोणत्या वॉर्डात किती तास प्रॅक्टिकल. इथलं प्रशिक्षण २१०० तास शिकवणीचं आणि २५०० तास प्रत्यक्ष कामाचं. त्याच्याशी ताडून बघतात. 'सर्व पोस्टिंग पूर्ण केली' एवढ्या एका ओळीला इथे काही किंमत नाही. कॉलेज अजून चालू आहे, तुझ्या वेळच्या मॅडम अजून तिथे आहेत, तोवर स्वतः जाऊन सही-शिक्क्यासह काढून घे. कॉलेज बंद पडल्यावर हाच कागद मिळवताना लोकांचे हाल झालेले मी पाहिलेत.

अर्ज तपासून कार्यालय एक पत्र पाठवतं, बेशाइड. त्यात काय कमी पडतंय ते लिहिलेलं असतं. आपल्या लोकांचं बहुतेकदा वृद्धांच्या शुश्रूषेत कमी पडतं, कारण आपल्या अभ्यासक्रमात तो भाग थोडा. मग दोन रस्ते असतात आणि निवड तुझी असते: पूरक प्रशिक्षण (आनपासुंग्सलेरगांग) किंवा ज्ञानपरीक्षा (केन्टनिसप्रुफुंग). प्रशिक्षणाच्या शेवटी फक्त चर्चा होते. परीक्षेत ४५ ते ६० मिनिटं तोंडी आणि शिवाय खऱ्या पेशंटवर प्रात्यक्षिक असतं, आणि नापास झालीस तर ती एकदाच पुन्हा देता येते. २०२४ पासून सगळी तुलना टाळून थेट यातला एक रस्ता धरायचीही सोय आहे. ट्रान्सक्रिप्ट अर्धवट असेल तर मी ती सोय वापरायला सांगेन. बेशाइडमधली कमतरतांची यादी छोटी असेल तर प्रशिक्षण घे, परीक्षेच्या ताणात पडू नकोस.

प्रात्यक्षिकाबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण आयसीयूतल्या चांगल्या चांगल्या सिस्टर इथे अडखळतात. आपल्याकडे अंघोळ, केस विंचरणं, भरवणं हे नातेवाईक करतात, नाहीतर वॉर्डातल्या मावशी आणि मामा. इथे ते नर्सचं काम आहे, आणि कमी प्रतीचं तर अजिबात नाही. पक्षाघात झालेले आजोबा बेसिनसमोर बसलेत. ओला रुमाल घेऊन तू भराभर त्यांचं तोंड पुसलंस, तर परीक्षक नापसंती लिहितो. रुमाल त्यांच्या चांगल्या हातात द्यायचा, थांबायचं, त्यांना जमेल तेवढं त्यांनाच करू द्यायचं. शर्ट घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. हे करता करता पाठीवरची त्वचा बघायची, माकडहाडापाशी लाली आहे का, दाबल्यावर ती जाते का, आणि नंतर बेडसोर टाळण्यासाठी काय ठरवलंस ते कारणासकट सांगायचं. उलट सलाईन लावणं, रक्त काढणं ही आपली रोजची कामं इथे पुष्कळ ठिकाणी डॉक्टर करतात. सुरुवातीला वाटतं, आपलं कौशल्य वाया चाललंय. पण पेशंटची शुश्रूषेची गरज ठरवणं आणि तिची आखणी करणं हे काम २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने फक्त पात्र नर्सकडे ठेवलं आहे, डॉक्टरही ते करू शकत नाही. मला स्वतःला हे फार मोलाचं वाटतं.

पैशांकडे येते. इथले बरेच दवाखाने स्वतः खर्च करून माणसं आणतात. 'फेअर आनवेर्बुंग प्लेगे डॉइचलांड' हा सरकारी गुणवत्ताशिक्का असलेल्या संस्थांना नर्सकडून पैसे घेता येत नाहीत. जीआयझेड (जर्मन सरकारची आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था) आणि जर्मन रोजगार कार्यालयाच्या ट्रिपल विन कार्यक्रमात केरळच्या मुली नोर्का या केरळ सरकारच्या संस्थेमार्फत येतात, त्यांनाही भरतीची फी पडत नाही. तुझ्या एजंटकडे शिक्का आहे का, एवढं विचार आणि उत्तर ऐक. मग त्याच्या बाँडचा मसुदा माग: मध्येच सोडलं तर किती परत करायचे, आणि वर्षागणिक ती रक्कम कमी होते का? कमी होत नसेल तर सही करू नकोस. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांचा कुशल मनुष्यबळाचा करार झाला, त्यात नर्सही येतात. 'त्या करारामुळे रजिस्ट्रेशन लागत नाही' असं कोणी सांगितलं तर तिथेच उठ. करारामुळे आनेरकेनुंग सुटत नाही.

बॉनमध्ये झेडएसबीए नावाचं सरकारी सल्लाकेंद्र आहे, परदेशातून अर्ज करणाऱ्यांना ते फुकट मार्गदर्शन करतं. त्यांना मेल कर. तसंच दवाखाना तयार असेल तर त्यालाच जलद प्रक्रियेचा अर्ज करायला सांग. त्याची इमिग्रेशन कार्यालयाची फी ४११ युरो, आणि ती दवाखान्याने भरावी असं आधीच करारात लिहून घे.

मुलीबद्दल. मदतनिसाच्या पगारात तिघांचं घर दाखवणं अवघड, आणि घर मिळणंही अवघड. नर्सचा परवाना मिळेपर्यंत ती दोघं तिकडे राहतील असं धरूनच घरात बोल. सासूबाईंना आणि नवऱ्याला खरोखर किती काळ लागेल ते सांग, 'सहा महिन्यांत बोलावते' असं म्हणू नकोस. त्या काळात नवऱ्याने जर्मन सुरू करावं, हा माझा आग्रह आहे. भाषा न येणारा माणूस इथे घरात बसून खचतो.

आणि एक छोटं काम आजच करून टाक: गोवरप्रतिबंधक लशीचे दोन डोस झाल्याचा लेखी पुरावा काढ. १९७० नंतर जन्मलेल्यांना त्याशिवाय इथल्या दवाखान्यात रुजूच होता येत नाही. लहानपणचं कार्ड सापडत नसेल तर अँटिबॉडीची तपासणी कर किंवा पुन्हा लस घे आणि तारीख-शिक्का मागून घे. बाँडचा मसुदा आला की मला पाठव, नावं खोडून. रकमेचं कलम आपण दोघी मिळून वाचू.