जुनी मारुती ८०० पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके मारते, अॅक्सिलरेटरची केबल घरीच अॅडजस्ट केली तर फरक पडेल का?

पडतो की ओ, लई फरक पडतो. पण "केबल ताईट केली की पिकअप वाढतो" असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते आधी डोक्यातनं काढून टाका. साफ चुकीचं आहे ते.

आमच्याकडं वडिलांची कार्बोरेटरवाली ८०० आहे आणि नेमक्या ह्याच वाक्यावरून माझं आणि आमच्या दाजींचं वाजलंय. गाडी उचलताना थोडा झटका यायचा, दाजी जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला आले होते, गाडी घेऊन गेले आणि ओळखीच्या एका गॅरेजात केबल ताणून आणली, वर "आता बघ कशी पळते" म्हणाले. संध्याकाळी आईला घेऊन मी होम मैदानाकडं निघालो. पार्क चौकात जत्रेची ही गर्दी, पुढं बायका पोरं, फुगेवाले, आणि मी पेडलवरनं पाय काढलाय तरी इंजिन गुरगुरतंय, गाडी आपली पुढं सरकतीय. क्लच दाबून ब्रेकवर कशीबशी धरून ठेवली. आईनं भीतीनं माझा दंडच धरला होता. कुणाला लागलं असतं तर?

घरी येऊन बॉनेट उघडलं तर थ्रॉटलचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) लिव्हर स्टॉपच्या स्क्रूला टेकतच नव्हता, मध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट. केबल कायम ओढलेली, मग आयडलचा स्क्रू कितीही फिरवा, इंजिन खाली बसणार कसं?

झटक्याचं कारण उलटं असतं. केबल वापरून ढिली पडते, पेडलची सुरुवातीची चाल फुकट जाते, आपण अजून दाबतो आणि थ्रॉटल एकदम उघडतं. म्हणून फक्त फालतू ढील काढायची, सगळी नाही. गाडी गरम करा, चोक पूर्ण आत, मग इंजिन बंद. ब्रॅकेटवरचे दोन नट सैल करून केबल थोडी थोडी सरकवा, बोटानं वायर दाबली तर जरा हलली पाहिजे. मग कुणालातरी पेडल पूर्ण दाबायला लावा, लिव्हर शेवटपर्यंत उघडतोय का आणि सोडल्यावर खटकन स्टॉपवर येतोय का ते स्वतः डोळ्यांनी बघा. पायपुसणं आधी बाजूला काढा.

आणि केबल बाहेर काढून पेडलकडचं टोक बघाच. आमच्या वायरचा एक पीळ तुटून बारीक काट्यासारखा वर आला होता आणि पेडल तिथंच अडखळायचं. अशी केबल अॅडजस्ट करत बसू नका, सरळ नवी टाका, स्वस्त असते. आत जाड ग्रीस भरू नका, सोलापूरची धूळ त्यात बसते आणि उन्हाळ्यात त्याची पेस्ट होते.

हां, एक राहिलं, तुमची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली) असेल तर केबल तिलाही आहे, पण थ्रॉटल बॉडीवरच्या स्टॉप स्क्रूला हात लावू नका. आणि केबल बरोबर असून झटके राहिले तर इंजिन माउंटिंग, प्लग, कार्बोरेटरचा पंप हे बघायला लागेल, ते चांगल्या मिस्त्रीला दाखवा.

दाजी अजून म्हणतात गाडी तेव्हाच चांगली पळायची. पळायची नाही, थांबायची नाही ती. आईला विचारा म्हणावं.