भाऊबीजेच्या पंगतीला हिरवी भाजी: माझं मत घेवड्याला

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. सांगलीत घरीच भाऊबीजेला रात्री वीसजण जेवायला आहेत. बेत बासुंदी-पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, मसालेभात आणि काकडीची कोशिंबीर. सासूबाई चातुर्मास पाळतात, म्हणून कांदा-लसूण नको. गेल्या दिवाळीत टोमॅटो घालून केलेला पालक काळपट पडला आणि पातेलंभर उरला. यंदा हिरवं काय करावं?

श्रावणघेवडा करा. कोरडा, बारीक चिरलेला, हरभऱ्याची डाळ आणि ओलं खोबरं घालून. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं लक्षात ठेवून मंडईत जा.

भाजी एकटी कशी लागते ते नंतर बघू, आधी ताटात तिच्या शेजारी कोण आहे ते बघा. बासुंदी वाटीत, उसळ वाटीत. त्यात पालक, चाकवत किंवा अळूची पातळ भाजी आली की तिसरी वाटी आली, आणि वीस जणांच्या साठ वाट्या कोण घासणार? शिवाय पुरीनं उचलायला कोरडी भाजीच बरी. अळूचं फदफदं मला जीव की प्राण आहे, पण त्याला लग्नाची पंगत आणि पुढ्यात पांढरा भात हवा.

मेथी कोरडी होते, खरं आहे. पण वीस जणांची मेथी म्हणजे आदल्या रात्री वर्तमानपत्रं पसरून जुड्या निवडत बसायचं आणि शिजल्यावर कढईच्या तळाशी मूठभर भाजी बघायची. शेपूचं नाव काढलं की अर्धं घर नाक मुरडतं. भेंडी चार-पाच जणांना उत्तम. वीस जणांची एका कढईत घातली की तिला वाफ धरते आणि तारा सुटतात, मग तीन घाण्यांत परतत बसा. गवार ओवा आणि दाण्याचं कूट घालून मला फार आवडते, पण ती भाकरीची सोबतीण. मटार दिवाळीत महाग असतो आणि त्याला खरी गोडी थंडी पडल्यावरच येते.

आता कुणीतरी म्हणेलच, कृष्णाकाठची वांगी असताना घेवडा कसला करताय! वांगी आपली आहेतच, पण ती हिरवी नाहीत आणि चातुर्मासात चालतही नाहीत. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला, चातुर्मास सुटतो एकादशीला. काही घरांत याहून कडक पाळतात: श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल वर्ज्य. तसे कुणी काका येणार असतील तर घेवडा, डाळ आणि तुमची मटकीसुद्धा त्यांना बाद. त्यांच्यापुरता दोडका परतून ठेवा. सासूबाईंना हे आधीच विचारा, ऐन पंगतीत नको.

आपल्याकडे जैन शेजारी-मित्र नसलेलं घर क्वचितच. त्यांना बोलावलं असेल तर बटाटा चालणार नाही आणि जेवण सूर्यास्ताआधी, म्हणजे त्या दिवसांत सहाच्या आत हवं. चातुर्मासात त्यांच्यातले बरेचजण पालेभाजीही खात नाहीत. मग घेवडा हीच त्यांची मुख्य भाजी होते, तेव्हा अर्धा किलो जास्त घ्या आणि त्यांच्या वाटणीची फोडणी लवकर द्या.

पालक काळा का पडला तेही सांगते. पाल्याचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्याचा, त्याच्या पोटात मॅग्नेशियम असतं. आंबट आणि उष्णता एकत्र आली की ते निघून जातं आणि रंग शेवाळी होतो. टोमॅटोनं आंबटपणा दिला, झाकणानं भाजीची स्वतःची आम्लं आत कोंडली आणि गरम पातेल्यात ती तासभर तशीच बसली. लोखंडी कढई असेल तर आणखी काळी. काहीजणी चिमूटभर सोडा घालतात. त्यानं रंग राहतो, पण भाजी गिळगिळीत होते आणि जीवनसत्त्वं जातात ती वेगळीच. मी घालत नाही.

वीस जणांना सव्वादोन किलो घेवडा पुरतो, कारण ताटात दुसरी भाजी आहे. घेताना शेंग मोडून बघा. कट्कन मोडली, कडेला ओला थेंब दिसला आणि दोरा निघाला नाही तर घ्या. वाकली आणि आतले दाणे बाहेरून उठून दिसले तर कितीही स्वस्त असो, पुढच्या गाळ्यावर जा. खरेदी पाडव्याला सकाळीच उरका. भाऊबीजेला मंडई निम्मी रिकामी असते.

दहा-बारा शेंगा एकत्र जुळवून, टोकं काढून नखाएवढे तुकडे करा. दुपारी मोठ्या पातेल्यात चार-पाच लिटर पाणी मीठ घालून खळखळ उकळवा आणि चिरलेला घेवडा तीन घाण्यांत, प्रत्येक वेळी तीनेक मिनिटं, झाकण न ठेवता काढा. लगेच गार पाण्यात. मग निथळून सुती कापडावर पंख्याखाली पसरा. या पसरण्यात घाई नको, ओला घेवडा फोडणीत पडला की पाणी सुटतं आणि भाजीची उकड होते. एक वाटी हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवून वेगळी शिजवा. बोटांत दाबली तर मोडावी, पण तिचं पिठलं होऊ नये.

पुऱ्या तळायला घ्यायच्या आधी दहा मिनिटं फोडणी करा. अर्धी वाटी तेल, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, दहा-बारा हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. हळद अगदी चिमूटभर. हळदीच्या पेठेत राहून हे लिहिणं म्हणजे धाडसच, पण जास्त हळदीनं हिरवा रंग मळतो. त्यात डाळ, मग घेवडा, मोठ्या आचेवर परता. मीठ चाखून घाला, उकळताना घातलेलं आहेच. ओलं खोबरं आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर. खोबरं घातलेली भाजी झाकून तासन् तास ठेवली तर आंबते, म्हणून थोडं खोबरं हातचं राखून वाढतानाच पेरा. लिंबू ताटात. कढईत पिळलंत तर सगळी मेहनत शेवाळी होईल. साखर-गूळ नको, बासुंदी आहे.

पनीर घालू का, असंही विचारलंय तुम्ही, मुलं खातील म्हणून. मुलं पनीर वेचून खातील आणि घेवडा ताटाच्या कडेला सारतील. त्यापेक्षा त्यांना डाळ-खोबरं जास्त असलेला भाग वाढा, आणि नाहीच खाल्ला एखाद्यानं तर सणाच्या दिवशी त्यावरून घरात वाद नको.