वर्गातल्या गोंगाटाने शिक्षकांच्या तब्येतीवर खरंच परिणाम होतो का?

बायको सहा महिन्यांपासून प्राथमिक शाळेत शिकवतेय, घरी आल्यावर टीव्हीसुद्धा लावू देत नाही, हे नाटक आहे की खरा त्रास, असं तुम्ही विचारलंय. नाटक नाही हो. मी २२ वर्षं प्राथमिकला शिकवतेय. सुरुवातीला संध्याकाळी कुकरची शिट्टीही माझ्या डोक्यात जायची.

लोकांना वाटतं आमचे कान जातील. पण आधी जातो तो घसा. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी हे १९११ साली मांडलं, म्हणून याला लोंबार परिणाम म्हणतात. पोरांनाही तोच नियम लागू, त्यामुळे बाई ओरडल्या की पोरं त्याच्या वर जातात! त्यात बाईमाणसाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. चढ्या आवाजात ते आपटणं आणखी जोरात.

माझ्या खोलीवर पत्रे होते आणि तिसरी-चौथीचा जोडवर्ग. पावसाळ्यात पत्र्यांचा ताशा सुरू झाला की मागच्या बाकापर्यंत पाढे पोचवायला अक्षरशः किंचाळावं लागे. सोमवारी खणखणीत असलेला आवाज शुक्रवारी घोगरा. दोन वर्षं ज्येष्ठमध आणि खडीसाखर चघळली. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर दोन्ही स्वरतंतूंवर गाठी. ऑपरेशन टळलं, पण स्पीच थेरपीत तीन महिने बोलायला नव्याने शिकले. रजा मागितली तेव्हा ‘घसाच बसलाय ना, ताप तर नाही?’ हेही ऐकून घेतलं.

हे माझं एकटीचं नशीब नाही. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांतल्या पाहणीत (२००४) ११ टक्के शिक्षकांना त्या वेळी आवाजाचा विकार होता, इतरांमध्ये ६ टक्क्यांच्या आसपास.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, तास चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नको. आपल्याकडे शाळेभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं खरं, पण तो नियम भोंगे-हॉर्नवाल्यांसाठी. आमचा गोंगाट कुंपणाच्या आतला. पत्रे, खडखडणारा पंखा, फरशीवर घासणारी बाकं.

बाकांच्या पायांना मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले, फरक पडला. वर्ग शांत करायला आता ओरडत नाही, टाळ्यांचा ठेका धरते, पोरं तो पुरा करतात. पाण्याची बाटली टेबलावरच असते.

घरी टीव्हीसाठी हेडफोन घ्या. आणि बायकोचा घोगरेपणा तीन आठवड्यांवर टिकला, तर ज्येष्ठमधावर न थांबता डॉक्टरांकडून घसा तपासून घ्या. मी थांबले होते.