वहीत काय लिहू?

प्रश्न : सिस्टर, मी मूळची वसईची, नोव्हिशिएट, म्हणजे धर्मभगिनी होण्याआधीचं प्रशिक्षण, गोव्यात झालं. दोन वर्षांपासून मोझांबिकमध्ये, बेइराजवळच्या आमच्या दवाखान्यात आहे. सध्या तीन आठवड्यांच्या सुट्टीवर मडगावात आलेय. जो भेटतो तो म्हणतो, 'किती भाग्यवान तू!' मला आतून काहीच वाटत नाही. सुपिरियरनी रोज रात्री देवाच्या तीन उपकारांची नोंद करायला सांगितलंय. माझ्या वहीत तेच ते : आरोग्य, पाऊस, सोबतच्या भगिनी. त्यातलं आरोग्य तर खोटंच, वर्षात दोनदा मलेरिया झाला. माझं पाचारणच, म्हणजे या जीवनासाठी आलेली देवाची हाकच, ऐकण्यात चूक झाली का?
— एक धर्मभगिनी, मडगाव

उत्तर : तू वयाने लहान असणार, म्हणून अगं-तुगं करते. परत जाण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घे. मलेरिया रक्त खातो, आणि अंगात रक्त नसलं की स्तोत्रंसुद्धा जड लागतात. पाचारणाचं काय ते रिपोर्ट हातात आल्यावर बघू.

आता वही. मीही त्याच किनाऱ्यावर अकरा वर्षं काढली आणि अशीच वही भरली. शाळेचा गृहपाठ बरा! पण तुझ्या पत्रात मला वेगळंच दिसतं. तू दिवसभर देतच असतेस. गोळ्या देतेस, पट्ट्या बांधतेस, वर सल्ले. कोणाकडून काही घेतल्याचं पत्रात एका ओळीतही नाही.

माझं तिसरं वर्ष असेल. आमच्या मागच्या आवारात शेजारची म्हातारी मका कांडायला यायची. सगळे तिला वोवो म्हणत, म्हणजे आजी. एकच उखळ, समोरासमोर दोघी, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. मी म्हटलं, वसईला माझी आजी भात कांडायची, त्यात काय एवढं! दहा मिनिटांत तळहाताला चार फोड. वोवो हसत हसत खालीच बसली. मग उठून तिने माझी बोटं एकेक करून मुसळावरून सुटी केली आणि करून दाखवलं : वर नेताना धरायचं, खाली येताना सोडायचं. बोलत होती ती 'सेना' नावाच्या तिथल्या भाषेत, मला एक शब्द कळला नाही. तिचा तळवा मात्र अजून आठवतो, जांभ्या दगडासारखा खरखरीत. रात्री त्याच पिठाची शिमा, म्हणजे घट्ट शिजवलेली उकड, खाल्ली, सोबत मातापा, म्हणजे शेंगदाण्याचं कूट आणि नारळाचा रस घालून शिजवलेला कसाव्याचा पाला. वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे : 'मुसळ सोडायला शिकले.'

तू जिथे घडलीस त्या गोव्यातलंच बघ. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू १५७९ मध्ये इथे उतरले. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की इथल्या भाषांची ठेवण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे. आले शिकवायला, आणि चकित झाले ते आपल्या भाषेच्या बांधणीने! पुढे त्यांनी मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. म्हणजे येऊन सदतीस वर्षं झाल्यावर. तुझी दोनच झालीत, बाई.

तेव्हा पोर्तुगीजवर भागवू नकोस. रांगेतल्या बायकांकडून रोज एक शब्द माग आणि चुकीचा उच्चारून त्यांना हसू दे. वही बंद करायची तर सुपिरियरना सांगून कर, चोरून नको. 'भाग्यवान' म्हणणाऱ्यांना चहा पाज आणि वाटेला लाव, त्यांच्याशी वाद घालण्यात सुट्टी घालवू नकोस.

आणि जानेवारीत रात्री दिवे गेले की आवारात उत्तरेकडे तोंड करून उभी राहा. गोव्यातून दक्षिणेला दिसणारं आपलं मृग नक्षत्र तिथे उत्तरेला येतं, उलटं टांगल्यासारखं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मान वाकडी करून कितीतरी वेळ तशीच उभी राहिले होते. वोवोला वाटलं माझी मान आखडली. ती घरातून तेल घेऊन आली.