ती पाणी का पीत नव्हती?

पत्र पुण्याच्या एका गृहस्थांचं आहे, वय ३९. लग्नाला बारा वर्षं झाली. लेकीला आजीकडे ठेवून जुलैत दोघंच गाडी घेऊन आंबोलीला गेले. मुक्काम गाडीतच करायचा, असा बेत होता. मागची सीट पाडून गादी घातली, खिडक्यांना जाळी लावली, डिकीवर ताडपत्री ताणली. पाच रात्री राहायच्या होत्या. तिसऱ्या रात्री बायको म्हणाली, 'मला घरी जायचंय', आणि पुण्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. त्याला तीन आठवडे झाले, अजून ती कामापुरतंच बोलते. ते विचारतात, 'पाऊस तिला सोसला नाही, की आता मीच सोसवत नाही? ताई, आमच्यात काही उरलंय का?'

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या तयारीचं कौतुक वाटलं. दुसऱ्यांदा राग आला, आणि तो एका कंसातल्या वाक्यामुळे आला. तिच्या डोकेदुखीबद्दल सांगताना तुम्ही लिहिलंय, '(दुपारी चारनंतर ती पाणीच प्यायची नाही, मी मागे लागायचो, पण ऐकायची नाही.)' कंस बंद केलात आणि पुढच्या ओळीत पुन्हा ताडपत्रीच्या गाठींवर गेलात.

तिथेच थांबायला हवं होतं तुम्ही. ती पाणी का पीत नव्हती?

तुमच्या पत्राची निम्मी पानं सामानाची आहेत. गादी किती इंची, जाळीला शिवलेली लोहचुंबकं, पॉवर बँक, छोटी शेगडी, वीस लिटरचा पाण्याचा जार. 'पाणी जरा जास्तच नेलं, जार अर्धा भरलेला परत आला,' असंही लिहिलंत. एवढ्या यादीत रात्री लघवी लागली तर जायचं कुठे, याबद्दल अवाक्षर नाही. कारण तुमच्यापुरता तो प्रश्नच नव्हता. दार उघडलं, चार पावलं गेलात, गाडीकडे पाठ केलीत, झालं.

तिचं कसं होत असेल ते मी सांगते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तिथली जुलैतली रात्र म्हणजे काळोख, धुकं आणि न थांबणारी धार. तिच्या अंगावर रेनकोट, त्याखाली रेनकोटची पँट, त्याखाली लेगिंग्ज. हातात टॉर्च. लावला तर लांबून दिसणार, विझवला तर पाय कुठे पडतोय ते कळत नाही. झाडीत शिरावं तर जळवा, आणि खाली बसलेल्या बाईला जळवा कुठे चढतील याची भीती काय असते, ते एखादीला विचारून बघा. कडेलाच बसावं तर वळणावरून गाडी आली की हेडलाइट सरळ अंगावर. हे सगळं उरकून ती परत येणार ओल्या कपड्यांनी, त्याच गादीवर, जिथे ताठ बसायलासुद्धा जागा नाही, मग कपडे बदलणार कशी? आणि त्या दिवसांत तिची पाळी कधी येणार होती, हे तुम्हाला माहीत होतं का? पत्रात तरी कुठे दिसलं नाही.

म्हणून तिनं चारनंतर पाणी सोडलं. हा उपाय तिला आंबोलीत सुचलेला नाही, आपल्याकडच्या मुलींना तो शाळेत असल्यापासून येतो.

मी लहान असताना आम्ही मे महिन्यात रात्रीच्या बसनं कोकणात जायचो. संध्याकाळचे पाच वाजले की आई तांब्या उचलून आत ठेवायची. 'आता पाणी नको, रात्रीची गाडी आहे.' माझ्या भावाला हा नियम नव्हता. मध्यरात्री कुठेतरी बस थांबायची, पुरुष भराभर उतरायचे आणि झुडपांकडे तोंड करून ओळीनं उभे राहायचे. बायका जागच्या हलायच्या नाहीत. मी चुळबुळ करायला लागले की आई माझ्या गुडघ्यावर हात दाबून म्हणायची, 'महाड आलं की बघू हं.' महाडला काही वेगळं नसायचं. पण तो दाबलेला हात मला अजून जाणवतो, कारण तिलाही लागलेलीच असणार.

मुंबईत बायकांच्या संघटनांनी २०११ मध्ये 'राइट टू पी' (लघवीला जाण्याचा हक्क) नावाची मोहीम उभी केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे घेतात, ते बंद करा, आम्हाला स्वच्छ आणि सुरक्षित जागा द्या, एवढंच मागणं होतं. मोहिमेचं नाव इंग्रजी आहे, आणि मला नेहमी वाटतं की मराठीत तो शब्द चारचौघांत मोठ्यानं उच्चारणं अजूनही अवघड आहे. नवऱ्यासमोरही अवघड आहे. लग्नाला बारा वर्षं झाली तरीही.

तुम्ही म्हणाल, मला सांगायचं ना मग. सांगितलं होतं तिनं. दुसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, 'गावात एखादी खोली बघूया का?' त्यावर तुम्ही म्हणालात, 'मग गाडी एवढी सजवली कशाला?' दोन्ही वाक्यं तुमच्याच पत्रातली आहेत. यानंतर तिनं आणखी काय बोलायचं?

आणि पावसाचं कारण मला पटत नाही. ती जीवशास्त्र शिकवते, आंबोलीचं नाव तिनंच काढलं, हेही तुम्हीच लिहिलंय. पहिल्या रात्री दहा वाजता ती टॉर्च घेऊन उतरली आणि दीड तास भिजत उभी राहिली. पाण्यावर ओणवलेल्या फांदीला मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं फेसाचं घरटं लागलेलं तिला दिसलं, आणि त्यातून बेडकाची पिल्लं खाली पाण्यात कशी टपकतात ते तिनं तुम्हाला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, डबक्यांत आंबोली टोड नावाचा बेडूक शोधायचा होता, ज्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद २००९ मध्ये झाली. एवढ्या हौसेनं आलेली बाई पावसाला कंटाळेल कशी? तुम्हाला कंटाळली असती तर पहिल्याच रात्री खोलीवर अडून बसली असती. तुमचा बेत मोडू नये म्हणून तिनं तीन दिवस तहान मारली. आमच्यात काही उरलंय का, असं विचारता ना तुम्ही? मग हे काय आहे?

परत आल्यावर ती दोन दिवस तापानं पडून होती, 'भिजल्यामुळे', असं तुम्ही लिहिता. भिजल्यामुळे असेलही. पण लघवीला जळजळ होते का, हे तिला कुणी विचारलं? पाणी तोडलं आणि लघवी तुंबवली की मूत्रमार्गाच्या संसर्गाला आयतीच वाट मिळते. अजून काही त्रास असेल तर उद्याच डॉक्टरांकडे जा, तपासणी करून घ्या.

आणखी एक, जाता जाता, पण जिवाचं आहे म्हणून सांगते. काचा धुकट होतात म्हणून इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपलात, ते पुन्हा कधीही करू नका. सायलेन्सरचं तोंड चिखलानं बुजलं की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. काच दोन बोटं उघडी ठेवायची आणि इंजिन बंद.

आता तुमचा पुढचा बेत. पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत तिला न सांगता ताम्हिणीला न्यायचं, गाडीच्या टपावर तंबू बसवून. तो आजच रद्द करा. आणि हे वाचून तुमचा हात लगेच फोनकडे जाईल, घडीचं टॉयलेट मागवायला, तेही नको. तुम्ही वस्तूंनी सगळं दुरुस्त करणारे आहात, एरवी तो गुण आहे. पण आत्ता दारात खोकं आलं तर तिला काय कळेल? तुम्हाला कळलं, पण तोंडानं बोलवलं नाही, एवढंच.

आज रात्री लेक झोपली की तिच्याजवळ बसा आणि म्हणा, 'तू पाणी का पीत नव्हतीस, ते माझ्या लक्षातच आलं नाही. खोली बघूया म्हणालीस तेव्हाही मी ऐकलं नाही. माझं चुकलं.' पुढे 'पण' जोडू नका. मग तिला त्या तीन रात्री विचारा. कितीला जाग आली, कुठे गेलीस, भीती वाटली का. ती चिडेल, रडेलही कदाचित. मध्ये बोलू नका, गाडीची बाजू मांडू नका, फक्त ऐका.

आंबोलीला परत जायचं का, हे तिनं ठरवायचं. फेसाची घरटी ऑगस्टातही असतात. ती हो म्हणाली तर खोली तिनं निवडायची, बाथरूमची कडी लागते का ते तिनं बघायचं, आणि रात्री ती बेडूक बघत असताना टॉर्च तुम्ही धरायचा.