मोंढ्याचा पैसा आणि एका ओळीचा शेरा

प्रश्न : लातूर जिल्ह्यातल्या सहकारी बँकेत माझी नुकतीच एएमएल (मनी लाँडरिंग प्रतिबंध) कक्षात बदली झाली. सोयाबीन निघालं की वेगळ्या वाटणाऱ्या व्यवहारांवर संगणकाने दिलेल्या अलर्टचा ढीग लागतो. सहकारी म्हणतात, 'शेती उत्पन्न' असा शेरा मारून बंद करा. चालेल का?

उत्तर : नाही. तपासणीत सगळ्यात आधी हाच शेरा अडकतो, कारण उत्पन्न किती हे तो सांगत नाही. ते मोजून लिहा. सातबाऱ्यावर पाच एकर सोयाबीन असेल आणि कोरडवाहूत एकरी सात क्विंटल धरले, तर 35 क्विंटल होतात. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये, म्हणजे साधारण 1 लाख 86 हजार. मोंढ्यात भाव पडलेला असेल तर त्याहूनही कमी. महिन्यात 14 लाख जमा दिसले, तर उरलेले कुठले? भावांचा माल एकाच्या नावावर विकला असेल, बटईची जमीन असेल किंवा भूसंपादनाचा मोबदला आला असेल. जे असेल त्याचा कागद घ्या. ई-पीक पाहणीतली पिकाची नोंद आणि आडत्याची पट्टी (माल विकल्याचा हिशेब) शेजारी ठेवा. पट्टीत हमाली-तोलाई वजा नसेल, प्रत्येक वजन गोल आकड्यात असेल किंवा तारीख मोंढा बंद असल्याच्या दिवसाची असेल, तर थांबा.

आडत्याचं खातं वेगळं वाचायचं. सकाळी मिलचे पैसे आरटीजीएसने येतात, दुपारी रोखीत निघतात, शिल्लक जवळपास शून्य. भाड्याने दिलेलं खातंही, म्हणजे दुसऱ्याचा काळा पैसा फिरवायला वापरू दिलेलं, असंच दिसतं! फरक तपशिलात असतो. आडत्याकडे बाजार समितीचा परवाना असतो, पैसे पाठवणाऱ्या मिल त्याच त्या असतात आणि उलाढाल हंगामानुसार चढते-उतरते. भाड्याचं खातं बहुधा नवं असतं. परराज्यांतल्या अनोळखी लोकांकडून यूपीआयने पैसे येतात, काही मिनिटांत पुढे जातात आणि मोबाइल नंबर नुकताच बदललेला असतो.

'साडेनऊ लाख भरले की रिपोर्ट जात नाही' हा समज खुळा आहे. परस्परांशी जोडलेले छोटे रोख व्यवहार महिन्यात मिळून 10 लाखांवर गेले, तरी सीटीआर (मोठ्या रोख व्यवहारांचा अहवाल) पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत एफआययूकडे (केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता कक्षाकडे) जातो. जमा आणि नावे (खात्यातून काढलेली रक्कम) यांची बेरीज वेगवेगळी करा. इथे बरेच जण चुकतात. सीटीआर म्हणजे संशय नव्हे. एसटीआरला (संशयास्पद व्यवहाराच्या अहवालाला) मात्र रकमेची मर्यादा नाही. पॅन द्यावा लागू नये म्हणून वारंवार मर्यादेच्या जरा खाली रोख भरणाराही त्यात येऊ शकतो.

एसटीआर पाठवायचा की नाही, हे बँकेने या कामासाठी नेमलेला प्रिन्सिपल ऑफिसर ठरवतो. तुमच्या टिपणात कोण, किती, कुठून, कुठे आणि कशामुळे पटलं नाही, एवढं नेमकं हवं. अलर्ट बंद केला तरी कारण लिहाच. ग्राहकाकडे कागद मागताना 'केवायसी अद्ययावत करतोय' इतकंच बोला. रिपोर्टचा सुगावा देणं कायद्याने मना आहे, मग तो संचालकांचा पाहुणा का असेना.